बोंद्रेकाकांचं बघणं

आईवडील सोडले तर या जगात मी ज्यांचं सर्वांत जास्त देणं लागतो, ते म्हणजे स्टुटगार्टचे श्रीधर बोंद्रे. माझ्या कॉलेजातल्या सरांच्या ओळखीने ते मला स्टेशनवर घ्यायला आले होते. मी बॅगा खाली ठेवून त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर ते एक पाऊल मागे सरकले.

"नमस्कार नंतर. आधी त्या खांबापर्यंत जा आणि परत ये."

मला वाटलं, खांबापाशी त्यांचं काहीतरी राहिलं असेल. मी बॅगा उचलायला लागलो.

"बॅगा राहू देत. नुसता चाल. आणि परीक्षेला बसल्यासारखा चालू नकोस, रोज चालतोस तसा चाल."

मी गेलो आणि आलो. काका डोळे बारीक करून माझ्या पायांकडे बघत होते. आमच्या परतूरला माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या लोकांनी तिला असंच चालून दाखवायला सांगितलं होतं. दाराआडून पाहताना मला तिची दया आली होती. परदेशातल्या पहिल्याच तासात तीच पाळी माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

"पसंत," काका म्हणाले. "चल, एस-बान सुटेल, इथली लोकल."

त्यांनी मला आपल्या घरातली एक खोली दिली. जर्मनीत राहायचा पत्ता सरकारदरबारी नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. ते नसेल तर बँक तुम्हाला ओळखत नाही आणि विद्यापीठही बिचकतं. काकांनी माझ्यासाठी सही केली, माझ्यासोबत कचेरीत रांगेत उभे राहिले, आणि रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे बघून माझ्या कानात म्हणाले, "कंबर. यांना काठी लागणार, दिवाळीच्या आत." दिवाळीच्या सुमाराला त्या बाई मला बेकरीत दिसल्या. हातात काठी होती.

काकांचा धंदाच तसा होता. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते थकव्याच्या चाचण्या घेत. धातूही थकतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. काकांच्या हाताला ते कळायचं. लोखंडाचा एक भाग यंत्रात आवळून धरायचा आणि तडा जाईपर्यंत हलवत राहायचं, असं ते काम. पुढे मी विद्यार्थी म्हणून तिथे थोडे तास कामाला जाऊ लागलो, तेव्हा पाहिलं. काका यंत्रावर तळहात ठेवायचे, थोडा वेळ डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आज. जेवणाआधी." आणि आम्ही डबे उघडायच्या आत तो तुकडा तुटायचा. नव्या माणसाला ते एकच शिकवण देत. तो भाग ज्या पकडीत आवळलेला असतो त्या पकडीला फिक्स्चर म्हणतात. "आधी फिक्स्चर तपास, मग पार्टला दोष दे. पकड वाकडी असेल तर सरळ पार्टही वाकडा दिसतो."

हेर, म्हणजे श्रीयुत, लोमान नावाचे एक थट्टेखोर सहकारी होते. त्यांनी एकदा कॅन्टीनमध्ये विचारलं, "हेर बोंद्रे, माझे किती दिवस उरलेत?"

काकांनी त्यांच्याकडे पायांपासून मानेपर्यंत एकदा पाहिलं. "आल्झो..." म्हणजे 'तर मग...', एवढंच म्हणाले आणि सूप प्यायला लागले.

लोमान मोठ्याने हसले. पण त्या दिवसापासून काका कॅन्टीनमधून गेल्याशिवाय ते खुर्चीवरून उठेनासे झाले.

हे झालं पोटापाण्याचं. काकांचं खरं वेड वेगळं होतं, आणि ते समजायला मला एक हिवाळा लागला.

त्या काळात सगळ्या जर्मनीला फुटबॉलच्या वर्ल्ड कपचे वेध लागले होते. काकांना त्या फुटबॉलशी काही घेणं नव्हतं. त्यांचा फुटबॉल अमेरिकेतला, डोक्यावर शिरस्त्राण घालून हातात चेंडू घेऊन पळायचा. तिथली पोरं हा खेळ कॉलेजात खेळतात आणि दर वर्षी वसंतात मोठे व्यावसायिक संघ त्यांच्यातून एकेकाची निवड करतात. गेल्या वर्षी जो संघ सर्वांत वाईट खेळला, त्याला पहिली निवड मिळते. याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी सगळ्या पोरांना एका ठिकाणी गोळा करून त्यांची उंची मोजतात, वजन करतात, त्यांना पळवतात, उड्या मारायला लावतात, नुसत्या चड्डीवर उभं करून पाठीमागून बघतात.

"आपल्याकडे मुलीला निदान साडी तरी नेसवतात," काका म्हणायचे. या पोरांना ते 'स्थळं' म्हणत.

स्टुटगार्टजवळ अमेरिकन फौजेचा तळ आहे. तिथल्या ओळखीच्या माणसांकडून काका कॉलेजच्या सामन्यांच्या कॅसेट आणत. रविवारी सकाळी अंघोळ, देवपूजा झाली की ते खिडक्यांचे रोलाडन, म्हणजे बाहेरच्या पट्ट्यांचे पडदे, पार खाली सोडत. भर सकाळी खोलीत रात्र व्हायची. टीव्हीचा आवाज बंद. कॅसेट सर्वांत संथ गतीवर. प्रचंड देहाची माणसं पाण्याखाली असल्यासारखी पळायची, एकमेकांवर आदळायची, तोंडं उघडायची आणि आवाज मात्र यायचा नाही. ऐकू यायची फक्त कॅसेट फिरल्याची घरघर आणि काकांचं पुटपुटणं.

"खांदे छान. घराणं चांगलं आहे, मोठा भाऊही खेळलाय. वळणदेखील सुरेख. पण टाच बघ, विष्णू. टाच उशिरा सुटते." मग जरा थांबून, हळूच, "दोन दिवाळ्या."

ते सगळ्यांना दिवाळ्या देत, म्हणजे कोणाचा पाय किती वर्षं टिकेल त्याचा अंदाज. कोणाला चार, कोणाला सात. एका धिप्पाड, हसऱ्या मुलाला त्यांनी एकही दिली नाही. नुसतं "अरेरे" म्हणाले आणि कॅसेट काढून ठेवली. मी हे सगळं म्हाताऱ्या माणसाचा छंद म्हणून ऐकत होतो. मग शरदात एकदा विद्यापीठाच्या संगणकावर मला त्या हसऱ्या मुलाची बातमी दिसली. सरावात, अंगाला कोणी हात लावलेला नसताना, नुसता वळला आणि पाय गेला. त्यानंतर ज्यांना काकांनी कमी दिवाळ्या दिल्या होत्या अशी आणखी नावं मी शोधली. शोधली नसती तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी घरी येताना जिना मी हळूहळू चढलो, आणि काका दार उघडून उभे होते तर मला उगीचच घाम फुटला.

हा अंदाज ते कोणत्याही संघाला कळवत नसत, कोणाशी पैज लावत नसत. "मी फक्त बघतो," एवढंच म्हणायचे.

गावातली मराठी मंडळी त्यांना पाठीमागे चित्रगुप्त म्हणत. साठेकाकू तर तोंडावरही म्हणायच्या. गणपतीच्या कार्यक्रमात काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, की सगळा हॉल कवायतीला आल्यासारखा ताठ चालू लागायचा. "अहो बोंद्रे, तुम्ही आपले भिंतीकडे तोंड करून बसा बघू," साठेकाकू म्हणायच्या. "आरतीचं तबक घेऊन तुमच्यासमोरून जायचं म्हणजे माझे पाय लटपटतात, आणि तुम्ही ते लिहून घेणार!" सगळे हसायचे. काकाही हसायचे, आणि खरंच खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचे.

माझ्या टेबलावर वडिलांचा एक फोटो होता. माझे वडील मोंढ्यात हमाली करतात. फोटोत ते दारात नुसते उभे आहेत, पांढऱ्या टोपीत. काका एकदा चहा द्यायला आले आणि फोटोपुढे थांबले. "त्यांना सांग, पोतं दुसऱ्या खांद्यावर घेत जा. लगेच सांग."

मी फोन केला. खांदा बदलायला सांगितलं. वडील म्हणाले, "कुणी सांगितलं रे तुला? तुझ्या मायलाबी बोललो नाही मी."

अशा माणसाच्या घरात मी राहत होतो, आणि त्यांनी ज्याची खोली मला दिली होती त्याच्याविषयी ते कधी बोलत नसत.

निनाद हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याची हकीकत मला साठेकाकूंनी सांगितली. तो तळावरच्या अमेरिकन पोरांबरोबर हा फुटबॉल खेळत मोठा झाला, आणि इतका चांगला खेळू लागला की शाळा संपताना अमेरिकेतल्या एका कॉलेजाने त्याला फीमाफी देऊन बोलावलं. कागदावर वडिलांची सही हवी होती. काकांनी त्याच्या शेवटच्या सामन्याची कॅसेट संथ गतीवर लावली आणि त्यांना दिसलं की वळताना त्याचा डावा गुडघा आत पडतो. त्यांनी सही केली नाही. निनाद ओरडला, रडला, मग गप्प झाला. आता तो रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. बोंद्रेकाकू वारल्यानंतर वर्षातून एकदा, त्यांच्या श्राद्धाला यायचा, जेवायचा, विचारलेल्या प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तरं द्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा.

"पाय वाचला हो," साठेकाकू म्हणाल्या. "मुलगा गेला."

त्यानंतरच्या वसंतातल्या ड्राफ्टमध्ये काकांना एक स्थळ सापडलं होतं. त्या मुलाची एकच कॅसेट ते पुन्हा पुन्हा लावत. शेवटी मी विचारलं.

"याचा गुडघा निनादचा आहे," काका अंधारात म्हणाले. "डिट्टो. दर वर्षी शोधतो मी असा एक. यंदा मिळाला. आता हा किती टिकतो ते बघायचं."

"काका, तुम्हाला काय वाटतं, तुटावा?"

पडद्यावर तो मुलगा हवेत तरंगत होता. काका बराच वेळ त्याला खाली येऊ देईनात.

"हा तुटला तर मी बरोबर. नाही तुटला तर माझा मुलगा बरोबर, आणि मी त्याचं आयुष्य उगाच अडवलं. तूच सांग, विष्णू, कशासाठी देव पाण्यात घालून बसू?"

ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यात, एका सकाळी, काका मला नेकार नदीकाठच्या मैदानावर घेऊन गेले. त्या मुलाची वळायची पद्धत त्यांना टीव्हीत नीट कळत नव्हती. खरा माणूस तसा पळताना बघायचा होता. धुकं होतं. समोरचा काठ दिसत नव्हता, नुसता एका मालवाहू बार्जचा भोंगा ऐकू येत होता. गवत ओलं आणि माझ्या बुटांचे तळ गुळगुळीत. काका तयारीने आले होते. घराच्या तळघरातून, म्हणजे केलरमधून, त्यांनी निनादचे खिळ्यांचे बूट आणले होते. मला ते जवळजवळ बसले.

"त्या झाडापर्यंत सरळ जा. मग एकदम उजवीकडे वळ."

मी पळालो. वळलो. आणि पाठीमागून धुक्यातून हाक आली, "निनाद!"

मी मागे पाहिलं. काका ओल्या गवतात बसले होते, एक हात जमिनीला टेकून.

"पुन्हा," ते म्हणाले.

मी पुन्हा पळालो. आता मलाही जाणवलं. वळताना माझा डावा पाय माझा नव्हता. कोणीतरी आतून तो मधल्या बाजूला ओढत होतं. आमच्याकडे जत्रेत बायांच्या अंगात येतं ते मी लहानपणी पाहिलंय. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी त्या धुक्यात उभा राहून तोच विचार करत होतो.

"काका, माझाही गुडघा गेलाय का?"

"स्टेशनवर बघितला होता मी तुझा गुडघा. उत्तम होता." त्यांनी माझ्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं. "हा तुझा नाही. हा त्याचा आहे."

मला भीती वाटली. मी बूट काढले आणि, थंडीची पर्वा न करता, अनवाणी पळालो. झाडापर्यंत गेलो, वळलो. काहीच झालं नाही. पाय माझा मला परत मिळाला होता.

काकांनी डावा बूट उचलला. आत हात घातला. अंगठ्याने तळवा दाबत दाबत ते टाचेपर्यंत आले आणि तिथेच थांबले. मी वाकून पाहिलं. आतल्या बाजूने तळवा पार बसला होता, पायऱ्या झिजतात तसा.

"पकड," काका म्हणाले. "मी पकड तपासलीच नाही."

मग त्यांनी सांगितलं. निनादला अस्सल अमेरिकन बूट हवे होते आणि नवे परवडण्यासारखे असूनही काकांना ते जिवावर आलं. पोराचा पाय वाढतोय, सहा महिन्यांत लहान होतील, नवे कशाला? बदली होऊन निघालेल्या एका सैनिकाने आवारात सामान विकायला काढलं होतं, तिथून त्यांनी हे उचलले. घरी आणताना ते इतके खूश होते, की वाटेत काकूंसाठी फुलंही घेतली.

"कोण होता तो, देव जाणे. त्याचं नावही विचारलं नाही मी." काका बुटात हात घालूनच बसले होते. "त्या माणसाचा गुडघा मी माझ्या पोराच्या पायात बघितला. आणि पोराला घरी बसवला."

ड्राफ्ट शनिवारी संध्याकाळी होता. काकांनी निनादला फोन केला. काय बोलले मला माहीत नाही, पण तो आला. उंच, देखणा, अंगातलं जाकीट न काढता सोफ्याच्या कडेवर बसलेला. काकांनी पोहे केले होते. टीव्ही मुका होता. न्यूयॉर्कच्या एका सभागृहात एकेक मुलगा उठत होता, आईला मिठी मारत होता, टोपी घालत होता. काका त्याकडे बघत नव्हते. त्यांनी बूट निनादसमोर जमिनीवर ठेवले आणि सगळं सांगितलं. एकदाही त्याच्याकडे वर पाहिलं नाही.

निनाद ऐकत राहिला. मग जर्मनमध्ये म्हणाला, "माहीत आहे मला. डावा आतून घसरायचा. मी त्यात वर्तमानपत्र भरायचो."

काकांनी मान वर केली. "माहीत होतं? मग तेव्हा बोलला का नाहीस?"

निनाद आता मराठीत बोलला, जरा अडखळत, लहान मुलाच्या मराठीत.

"तुम्ही किती खूश होता, बाबा. आणि मला वाटलं, तुम्हाला कळेल. तुम्हाला सगळं दिसतं ना."

पडद्यावर कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं असावं. लोक उभे राहून आवाज न करता टाळ्या वाजवत होते. काकांनी उठून टीव्ही बंद केला. त्यांच्या त्या स्थळाला कोणत्या संघाने घेतलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

निनादने पोहे खाल्ले. जाताना काकांच्या खांद्याला हात लावून गेला. सगळं मिटलं असं काही झालं नाही. उलट काका बदलले. कॅसेट त्यांनी केलरमध्ये नेऊन ठेवल्या. रविवारी रोलाडन उघडे राहू लागले. कामावर त्यांनी यंत्रावर हात ठेवायचं सोडलं आणि लोमान बिनधास्त हिंडू लागले. रस्त्यात काका खाली मान घालून चालत. "पुष्कळ बघितलं," म्हणायचे. "आता नको." गणपतीत साठेकाकू स्वतः त्यांच्यापुढून दोनदा गेल्या, लंगडण्याचं नाटक करत. काका भिंतीकडेच बघत राहिले.

पुढे मला ड्युसेलडॉर्फला नोकरी लागली. काका स्टेशनवर सोडायला आले. मी गाडीत चढताना वळून पाहिलं, तर ते पाठ करून उभे होते. गाडी हलली तरी वळले नाहीत. मला ते सहन झालं नाही, पण इतक्या मोठ्या माणसाला मी काय सांगणार? म्हणून काही महिन्यांनी, एका रविवारनंतर, मी हे पत्र लिहिलं.

*

ती. काकांना,

सा. न. वि. वि.

मी इथे ठीक आहे. नोकरी कायम झाली. पहिल्या पगारातून घरी पैसे पाठवले, तेव्हा तुमची आठवण झाली. तुम्ही सही केली नसती तर मी पहिल्याच महिन्यात परतूरला परतलो असतो. हे तोंडावर बोललो असतो तर तुम्ही विषय बदलला असता, म्हणून लिहितो आहे.

काल निनाददादा इथे ऑफिसच्या कामासाठी आला होता. आम्ही ऱ्हाइनकाठच्या कुरणात फिरायला गेलो. तिथे काही मुलं तो अमेरिकन चेंडू खेळत होती. दादा बराच वेळ उभा राहून बघत होता. मग जाकीट काढून माझ्या हातात दिलं आणि गेला त्यांच्यात. तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, बूट त्याचे स्वतःचे होते.

तो सरळ गेला आणि मग उजवीकडे वळला, एकदम. मी मुद्दाम मागे उभं राहून पाहिलं. पण काका, मला तुमच्यासारखं दिसत नाही. गुडघा कुठे जातो, टाच कधी सुटते, मला काही कळलं नाही. मला फक्त एक माणूस जोरात पळताना दिसला.

परत आला तेव्हा दमला होता, गाल लाल झाले होते. म्हणाला, "काय लिहिणार आहेस बाबांना?" मी म्हटलं, "पळालास, एवढंच लिहीन."

तो म्हणाला, "नको. त्यांना म्हणावं, येऊन बघा."

पुढच्या महिन्यात तो पुन्हा येणार आहे. तुमची झोपायची सोय माझ्याकडे आहे. मी स्टेशनवर घ्यायला येईन.

तुमचा
विष्णू